१९१० ची पोर्तुगीज क्रांती : राजा कुणी घालवला आणि गोव्याच्या पदरात काय पडलं?

प्रश्न एका विद्यार्थ्याचा आहे आणि तो तीन पदरी आहे. १९१० साली पोर्तुगालचा राजा लोकांनी घालवला की सैन्याने? त्यामागची कारणं कोणती? आणि ‘प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना समान हक्क मिळाले’ हे वाक्य गोव्याच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत येतं, ते कितपत खरं?

गोव्यात इतिहास शिकवताना हा भाग मी अनेक वर्षं हाताळला आहे. परीक्षेपुरतं उत्तर हवं असेल तर ते असं: राजाला एका शहराने घालवलं, लिस्बनने. त्यातही दुकानांतले नोकर, कारागीर, सार्जंट आणि खलाशी यांनी. उरलेल्या पोर्तुगालला प्रजासत्ताक आल्याचं तारेने कळलं. राजेशाही पडली याचं कारण तिच्यावर फार मोठा हल्ला झाला असं नाही. तिच्यासाठी लढायला कुणी उभंच राहिलं नाही. आणि या क्रांतीचे काही कायदे पोर्तुगालपेक्षा गोव्यात जास्त टिकले. आता सविस्तर.

सुरुवात नेपोलियनपासून करायला हवी. १८०७ च्या नोव्हेंबरात फ्रेंच फौजा लिस्बनच्या वेशीवर आल्या तेव्हा ब्रागांसा घराण्याचा सगळा दरबार जहाजांत बसून ब्राझीलला निघून गेला आणि १८२१ पर्यंत राजा परत आला नाही. राजाशिवाय देश चालतो हे लोकांना त्या चौदा वर्षांत दिसलं. १८२० मध्ये पोर्तोत उदारमतवाद्यांनी बंड केलं, १८२२ मध्ये ब्राझील स्वतंत्र झाला, मग दोन भावांचं, पेद्रू आणि मिगेल यांचं, यादवी युद्ध पेटलं. १८३४ मध्ये उदारमतवादी पक्ष जिंकला. राजा राहिला, पण सनदेच्या चौकटीत. ही सनद, म्हणजे राज्यघटना, १८२६ ची. तिचं सहावं कलम लक्षात ठेवा, गोव्याकडे वळताना ते लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन पक्षांनी आळीपाळीने राज्य केलं. एक थकला की राजा दुसऱ्याला बोलवायचा, मग निवडणूक व्हायची आणि सत्तेवर असलेला पक्षच ती जिंकायचा. गावोगावचे पुढारी मतं ‘बांधून’ द्यायचे, बदल्यात नोकऱ्या, रस्ते, सैन्यभरतीतून सुटका. आपल्याकडच्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. ही व्यवस्था शांततेच्या काळात चालते. पण तिचा एक तोटा असा की प्रत्येक अपयशाचं खापर शेवटी राजाच्या माथी फुटतं, कारण पक्ष बदलतात आणि राजा तोच राहतो.

अपयश आलं १८९० च्या जानेवारीत. अंगोला आणि मोझांबिक यांच्यामधला सगळा पट्टा आपला, असा दावा सांगणारा गुलाबी रंगाचा नकाशा पोर्तुगालने काढला होता. आजचे झांबिया, झिंबाब्वे आणि मलावी त्यात येत होते. इंग्लंडला तो भाग स्वतःला हवा होता. ११ जानेवारीला पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी निर्वाणीचा खलिता धाडला: सैन्य मागे घ्या. लिस्बनने मान तुकवली. १३८६ च्या तहापासूनचा दोस्त अशी ज्याची ओळख, त्याने असा दम द्यावा आणि नुकताच गादीवर आलेला राजा कार्लुश याने तो निमूट ऐकावा, हे लोकांना झोंबलं. कामोंइश या राष्ट्रकवीच्या पुतळ्यावर विद्यार्थ्यांनी काळं कापड पांघरलं. त्याच संतापात एक गाणं रचलं गेलं, आणि तेच पुढे प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत झालं.

लोकांनी वर्गणीही काढली. देशाचं आरमार बळकट व्हावं म्हणून गोळा झालेल्या त्या पैशातून इटलीत ‘आदामाश्तोर’ नावाची युद्धनौका बांधून घेतली. या नौकेचं नाव ध्यानात असू द्या.

मी वर्गात नेहमी सांगतो की १८९० चा अपमान हे क्रांतीचं कारण म्हणून लिहा, पण मुख्य कारण म्हणून लिहू नका. अपमानानंतर राजेशाही आणखी वीस वर्षं टिकली. पैशाचं दुखणं जास्त खोल होतं. ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले पोर्तुगीज घरी जो पैसा पाठवत, त्यावर देशाच्या हिशेबाची तोंडमिळवणी व्हायची. १८८९ मध्ये ब्राझीलमध्येच राजेशाही उलथली, पाठोपाठ १८९० मध्ये लंडनची बेअरिंग ही पेढी अडचणीत आली, आणि पोर्तुगालला १८९२ मध्ये अंशतः दिवाळं जाहीर करावं लागलं. त्यानंतर नव्या कर्जासाठी बाहेर उभं राहायलाही जागा उरली नाही. गव्हाला संरक्षण देणाऱ्या कायद्यांनी मोठे जमीनदार सुखावले, पण लिस्बनच्या कामगाराची पाव-भाकरी महाग झाली.

या सगळ्याचा फायदा प्रजासत्ताकवादी पक्षाला झाला. तो १८७६ पासून होता, पण १८८० मध्ये कामोंइशच्या त्रिशताब्दीचा सोहळा त्याने आपलासा केला तेव्हापासून त्याला रस्त्यावरचं बळ मिळालं. ३१ जानेवारी १८९१ ला पोर्तोत त्यांचं पहिलं बंड झालं. ते काही तासांत चिरडलं गेलं. नंतरची दहा-पंधरा वर्षं पक्ष मरगळलेलाच होता. सरकारने १९०१ मध्ये मतदारसंघ असे आखले की लिस्बनची मतं आजूबाजूच्या खेड्यांत विरघळून जावीत. ज्या शहरात असंतोष होता त्यालाच संसदेचं दार बंद केलं, तेव्हा त्या शहराने दुसरं दार शोधलं.

दुसरं दार दाखवलं खुद्द राजाच्या पंतप्रधानाने. जुवांव फ्रांकु १९०६ मध्ये सत्तेवर आला तो कारभार स्वच्छ करण्याच्या घोषणा देत. त्याने संसदेत सांगून टाकलं की सरकारी खजिन्यातून राजघराण्याला बेकायदा उचल दिली जात होती. त्याला वाटलं असावं की आधीच्या पक्षांची लक्तरं वेशीवर टांगली जातील. टांगली गेली राजाची. आफोंसु कोश्ता हा प्रजासत्ताकवादी वकील सभागृहात उभा राहून म्हणाला की याहून कमी गुन्ह्यांसाठी सोळाव्या लुईचं डोकं वधस्तंभावर गडगडलं होतं. मे १९०७ मध्ये फ्रांकुने संसदेशिवाय राज्य चालवायला घेतलं, आणि राजाने त्याला पाठिंबा दिला. त्याच वटहुकमाच्या राज्यात उचलीचा हिशेब ‘मिटवण्यात’ आला.

माझ्या मते क्रांतीची खरी सुरुवात इथे आहे, आणि ती प्रजासत्ताकवाद्यांच्या हातून झालेली नाही. आळीपाळीने सत्ता भोगणारे दोन्ही जुने पक्ष या वर्षी राजावर उलटले. मुकुटाच्या जिवावर जगणाऱ्यांनीच मुकुटाला शिव्या द्यायला सुरुवात केली. कार्लुश माणूस म्हणून वाईट नव्हता. चांगला चित्रकार होता, समुद्रसंशोधनात त्याचं काम होतं. पण राजकारणात त्याने एकाच माणसावर सगळं लावलं, आणि तो माणूस एकटा होता.

जानेवारी १९०८ च्या अखेरीस उठावाचा एक कट फसला. पकडलेल्या राजकीय विरोधकांना वसाहतींत हद्दपार करता येईल अशा वटहुकमावर राजाने विला व्हिसोझाच्या वाड्यात सही केली. दुसऱ्या दिवशी, १ फेब्रुवारीला, राजघराणं नदी ओलांडून लिस्बनला परतलं. उघडी घोडागाडी तेर्रेरू दु पासु या चौकातून वळत असताना दोन माणसांनी गोळ्या झाडल्या. मानुएल बुईसा हा शाळामास्तर होता, पूर्वी सैन्यात सार्जंट. दुसरा आल्फ्रेदु कोश्ता. राजा आणि युवराज लुईश फिलीप ठार झाले. राणी आमेली हातातला फुलांचा गुच्छ मारेकऱ्यावर उगारत राहिली. धाकट्या मानुएलच्या दंडाला गोळी लागली, आणि अठराव्या वर्षी तो राजा झाला.

त्या खुनानंतर लिस्बनमध्ये राजासाठी जितके लोक रडले त्याहून जास्त लोक मारेकऱ्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायला गेले. फ्रांकुला हाकलून दिलं गेलं, नव्या सरकारने सौम्य धोरण धरलं, आणि त्या सौम्यपणाचा अर्थ सगळ्यांनी भीती असा घेतला. मानुएलच्या अडीच-पावणेतीन वर्षांत सहा मंत्रिमंडळं झाली. तरुण राजा विनम्र होता, कष्टाळू होता. पण सल्ला द्यायला जो यायचा तो आधीच्याचा वैरी असायचा.

दरम्यान खाली एक यंत्रणा उभी राहत होती. कार्बोनारिया ही गुप्त संघटना. छोट्या छोट्या गटांत बांधलेली, एका गटाला दुसऱ्याची माहिती नाही, सभासद एकमेकांना ‘चुलतभाऊ’ म्हणायचे. दुकानातले कारकून, सुतार, छपाई कामगार आणि मुख्य म्हणजे बराकींतले शिपाई-सार्जंट आणि नौकांवरचे खलाशी तिच्यात होते. सेतुबालच्या १९०९ च्या अधिवेशनात पक्षाने उठावाचा मार्ग पत्करला, तेव्हा पक्षाचे वकील-डॉक्टर भाषणं करत होते आणि बराकींच्या किल्ल्या या चुलतभावांच्या हातात येत होत्या. ऑगस्ट १९१० च्या निवडणुकीत प्रजासत्ताकवाद्यांना फक्त १४ जागा मिळाल्या, त्याही बहुतेक लिस्बनच्या. पण ज्या शहरात राजा राहतो ते शहर हातात असलं की तेवढं पुरतं.

आता ते दोन दिवस. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ‘लोक की सैन्य’ या प्रश्नाचं उत्तर याच तासांमध्ये आहे.

३ ऑक्टोबरला सकाळी डॉ. मिगेल बोंबार्दा या प्रजासत्ताकवादी नेत्यावर, तो मनोरुग्णालयाचा प्रमुख होता, त्याच्याच एका रुग्णाने गोळ्या झाडल्या. त्यात राजकारण काही नव्हतं. पण शहरात अफवा उठली की राजाच्या माणसांनी मारलं. नेत्यांनी ठरवलं, आज रात्रीच. त्या संध्याकाळी राजा मानुएल बेलेंच्या राजवाड्यात ब्राझीलचे नियोजित अध्यक्ष हेर्मेस दा फोन्सेका यांच्यासोबत मेजवानीला बसला होता. योगायोग असा की मानुएलचा जन्म १५ नोव्हेंबर १८८९ चा, म्हणजे ब्राझीलमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं त्याच दिवशीचा, आणि ते जाहीर करणारा सेनानी हा या पाहुण्याचा काका.

मध्यरात्रीनंतर आंतोनियु माशादु सांतुश हा माणूस काही कार्बोनारियावाल्यांना घेऊन सोळाव्या पायदळाच्या बराकीत घुसला. हा काही लढाऊ अधिकारी नव्हता. नौदलाच्या कोठारखात्यातला कनिष्ठ अधिकारी, म्हणजे रसद आणि हिशेब बघणारा. शिपाई त्याच्या बाजूला गेले. अडवू पाहणारा त्यांचा कमांडर मारला गेला. तिथून ते पहिल्या तोफखान्याकडे गेले, आणि पहाटेपर्यंत तोफांसकट रोतुंदा या टेकाडावरच्या मोठ्या चौकात पोचले. तिथून सरळ खाली शहराचा मुख्य हमरस्ता दिसतो.

पण नदीतल्या नौकांवरून जी तोफांची खूण ठरली होती ती वेळेवर झाली नाही. बंडाचा लष्करी प्रमुख ॲडमिरल कांदिदु दुश रेइश याला वाटलं, सगळं संपलं. त्याने पहाटे स्वतःवर गोळी झाडून घेतली. ही बातमी रोतुंदावर पोचली तेव्हा तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी विचारविनिमय केला आणि त्यातले जवळपास सगळे गणवेश उतरवून निघून गेले. राहिला माशादु सांतुश, मूठभर सार्जंट, काही शे शिपाई आणि बंदुका घेऊन आलेले नागरिक. त्यांनी झाडं, बाकं, जे मिळेल ते आडवं टाकून अडथळे उभे केले. सरकारी फौज कागदावर त्यांच्या कितीतरी पट होती.

ती फौज का चालून आली नाही? एन्रिके पाइवा कोसेइरु या राजनिष्ठ तोफखान्याच्या अधिकाऱ्याने मनापासून हल्ला केला, पण त्याला मागून बळ मिळालं नाही. बाकीच्या पलटणी रॉसियु चौकात नुसत्या उभ्या होत्या. त्यांच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होतं की आपल्या शिपायांना पुढे सोडलं तर ते गोळ्या झाडतील की मिठ्या मारतील याची खात्री नाही. बराकींत कार्बोनारियाने केलेलं काम असं उपयोगी पडलं. तेवढ्यात ४ तारखेला दुपारी ‘आदामाश्तोर’ आणि ‘सांव राफाएल’ या नौकांनी नेसेसिदादिशच्या राजवाड्यावर तोफा डागल्या. इंग्रजांच्या अपमानाची भरपाई म्हणून लोकांनी वर्गणीतून घेतलेली तीच नौका. राजा मोटारीने माफ्राच्या मठ-महालाकडे निघून गेला.

५ तारखेच्या सकाळी जे झालं ते कादंबरीत लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. जर्मन वकिलातीच्या प्रतिनिधीने परदेशी नागरिकांना बाहेर काढण्यासाठी तात्पुरता युद्धविराम मागितला आणि पांढरं निशाण घेऊन तो रस्त्यावर निघाला. लोकांना वाटलं, सरकारी फौज शरण आली! माणसांचे लोंढे रस्त्यात उतरले, शिपायांच्या गळ्यात पडले, आणि त्या गर्दीवर गोळी झाडणं कुणालाच शक्य नव्हतं. नऊच्या सुमारास नगरपालिकेच्या सज्जातून जुझे रेल्व्हश या प्रजासत्ताकवादी नेत्याने प्रजासत्ताक जाहीर केलं. मेले ते काही डझन. पुढचे काही दिवस बँकांवर पहारा द्यायला कार्बोनारियाचेच हातावर पोट असलेले लोक उभे होते. राजघराणं एरिसैरा या मासेमाऱ्यांच्या गावातून लहान होड्यांनी ‘आमेलिया’ या नौकेवर चढलं, जिब्राल्टरला गेलं आणि तिथून इंग्लंडला. मानुएल १९३२ मध्ये तिथेच वारला. त्याच्यासोबत पळालेला काका आफोंसु हा तोच राजपुत्र, जो १८९५ मध्ये सत्तरीच्या राणे घराण्याचं आणि मराठा शिपायांचं बंड मोडायला फौज घेऊन गोव्यात आला होता.

म्हणून ‘लोक की सैन्य’ यातलं एक निवडायला सांगितलं तर मी दोन्ही खोडतो. सेनापती आणि अधिकारी बहुतेक पळाले किंवा थांबून राहिले. खेड्यांतले लोक झोपेत होते. केलं ते शहरातल्या खालच्या मध्यमवर्गाने आणि त्याच वर्गातून सैन्यात गेलेल्या सार्जंटांनी. त्या वेळी सुमारे ६० लाखांच्या देशात ७५ टक्क्यांच्या आसपास लोक निरक्षर होते. क्रांती वाचता येणाऱ्यांची होती, आणि हे पुढच्या परिणामांना फार महत्त्वाचं आहे.

हंगामी सरकारचा अध्यक्ष लेखक-प्राध्यापक तिओफिलु ब्रागा, पण खरा जोर न्यायमंत्री आफोंसु कोश्ताचा. कायदे असे कोसळले की वाचणाऱ्याला दम लागावा. येसूसंघीयांना (जेझुइट पाद्र्यांना) तीन दिवसांत हाकललं, सरदारकीच्या पदव्या रद्द, ३ नोव्हेंबरला घटस्फोटाचा कायदा, २५ डिसेंबर १९१० ला कुटुंबकायदे (नाताळची तारीख मुद्दाम निवडली असावी असं मला नेहमी वाटतं), फेब्रुवारी १९११ मध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सक्तीची सरकारी नोंदणी, २० एप्रिल १९११ ला चर्च आणि राज्य वेगळं करणारा कायदा. लग्न हा करार आहे, तो सरकारी नोंदवहीत होतो, आणि तो मोडताही येतो. पोप दहावे पायस यांनी त्याच वर्षी मे महिन्यात परिपत्रक काढून निषेध केला. उत्तरेतल्या खेड्यांत जिथे पाद्री हाच शिक्षक, पंच आणि पत्र लिहून देणारा होता, तिथे लोकांना हे प्रजासत्ताक आपल्या देवाच्या मुळावर आलेलं वाटलं. ही वैरभावना प्रजासत्ताकाला अखेरपर्यंत पुरली.

मताचं काय झालं ते तर फार बोलकं आहे. १९११ च्या कायद्यात ‘साक्षर किंवा कुटुंबप्रमुख’ असं लिहिलं होतं, पुरुष असं लिहायचं राहून गेलं. कारोलिना बेआत्रिझ आंजेलु या डॉक्टरीणबाई विधवा होत्या, म्हणजे कुटुंबप्रमुख. त्यांनी न्यायालयात जाऊन हक्क मिळवला आणि २८ मे १९११ ला मत दिलं. दोन वर्षांत कायदा दुरुस्त झाला: फक्त पुरुष, आणि तेही पोर्तुगीज लिहिता-वाचता येणारे. ज्यांनी लोकांच्या नावाने राजा घालवला त्यांनी मतदारांची यादी राजाच्या काळापेक्षाही जवळपास निम्म्यावर आणली. कारण उघड होतं: निरक्षर शेतकरी पाद्र्याच्या सांगण्यावरून मत देईल ही भीती. कामगारांचंही तसंच. संपाचा हक्क डिसेंबर १९१० मध्ये दिला आणि मार्च १९११ मध्ये सेतुबालच्या मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांच्या संपात प्रजासत्ताकाच्याच शिपायांनी दोन कामगार मारले.

पुढचं झपाट्याने सांगतो. पंधरा-सोळा वर्षांत ४५ मंत्रिमंडळं. पाइवा कोसेइरुने स्पेनमधून राजेशाहीसाठी दोनदा चढाई केली, दोन्ही फसल्या. १९१६ मध्ये पोर्तुगाल महायुद्धात उतरला. मुख्य हेतू वसाहती वाचवणं आणि युरोपात मान मिळवणं. हाती आलं कर्ज, महागाई आणि ९ एप्रिल १९१८ चा फ्लँडर्समधला दारुण पराभव. सिदोनियु पाइश हा डिसेंबर १९१७ मध्ये हुकूमशहा झाला आणि वर्षभराने, डिसेंबर १९१८ मध्ये, लिस्बनच्या रॉसियु स्थानकावर मारला गेला. रोतुंदाचा नायक माशादु सांतुश याला १९ ऑक्टोबर १९२१ च्या रात्री बंडखोर खलाशी आणि शिपायांनी घरातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. आणि १९१० मध्ये ‘आदामाश्तोर’ बंडात ओढणारा तरुण नौदल अधिकारी मेंदिश काबेसादश, २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाच्या पुढाऱ्यांत होता, ज्या उठावाने पहिलं प्रजासत्ताक संपवलं. त्यातून १९२८ मध्ये अर्थमंत्री म्हणून सालाझार आला, आणि पुढची कहाणी गोवेकरांना सांगायची गरज नाही.

आता तिसरा प्रश्न, गोव्याचा.

१८२६ च्या सनदेचं सहावं कलम सांगत होतं की रोमन कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म, इतर धर्म चालतील ते परकीयांना, तेही घरगुती उपासनेपुरते, बाहेरून देऊळ दिसणार नाही अशा घरांत. आता फोंड्याला मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या दीपमाळेसमोर उभे राहा आणि हे कलम आठवा. नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून गोव्याला जोडलेल्या मुलखातल्या, हिंदूंना त्यांच्या धर्माला हात न लावण्याचं वचन अठराव्या शतकातच दिलेलं होतं, १८८० मध्ये हिंदूंच्या रूढींची संहिताही झाली होती. त्यामुळे प्रत्यक्षात देवळं उभी होती, जत्रा होत होत्या. पण राज्याच्या मूळ कायद्यात राजाच्या हिंदू प्रजेला स्वतःचं असं स्थान नव्हतं. १९११ च्या संविधानाने सगळ्या पंथांची नागरी आणि राजकीय समानता मान्य केली. पुस्तकातलं ते वाक्य या अर्थाने खरं आहे, आणि तो बदल लहान नव्हता.

त्याचा परिणाम दिसला तो शाळांत. मडगावचं गोमंत विद्या निकेतन १९११ चं. फोंड्यात दादा वैद्य यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने जी शाळा उभी राहिली तिला नाव दिलं आंतोनियु जुझे द आल्मेदा यांचं, म्हणजे क्रांतीनंतरच्या हंगामी सरकारातल्या गृहमंत्र्याचं. हेच पुढे अध्यक्ष झाले. फोंड्याला ‘आल्मेदा’ म्हणजे शाळा एवढंच मुलांना ठाऊक असतं. पण देवळांच्या तालुक्यातल्या हिंदूंनी आपल्या शाळेला लिस्बनच्या एका प्रजासत्ताकवाद्याचं नाव द्यावं, यावरून तेव्हा किती आशा होती ते कळतं. लिसेंवांत, म्हणजे सरकारी पोर्तुगीज माध्यमिक शाळांत, आणि सरकारी कचेऱ्यांत हिंदू मुलं वाढली, मराठी वाचनालयं आणि नियतकालिकं वाढली. चांदरचे लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९११ मध्ये ‘ओ देबाते’ हे वृत्तपत्र सुरू केलं आणि प्रजासत्ताकाची बाजू मांडत असतानाच हिंदूंच्या हक्कांची बाजूही मांडली.

पण त्या वाक्यापुढे पूर्णविराम देऊ नका. मत देण्याची कसोटी पोर्तुगीज साक्षरता असेल तर मराठी मोडी-बाळबोध सफाईने लिहिणारा सावकारही निरक्षरच. सत्तरीत १९१२ मध्ये राण्यांनी पुन्हा बंड केलं ते प्रजासत्ताकाविरुद्धच, आणि प्रजासत्ताकाने ते राजाइतक्याच निर्दयपणे मोडलं. वसाहत सोडण्याचा विचार लिस्बनच्या एकाही मोठ्या प्रजासत्ताकवाद्याच्या मनात नव्हता. १८९० चा राग मुळात वसाहती हातच्या गेल्या म्हणून होता, हे विसरू नये. देवस्थानांवरची देखरेखही सुटली नाही. १८८६ चे महाजनीचे, म्हणजे देवळांच्या महाजनांच्या कारभाराचे, नियम चालूच राहिले, सरकारी अधिकारी देवळाच्या हिशेबावर नजर ठेवत राहिला, आणि आजही मामलेदार देवस्थानांचा प्रशासक असतो तो त्याच परंपरेतून. चर्चला राज्यापासून वेगळं करणाऱ्यांना देवळाला राज्यापासून वेगळं करावंसं वाटलं नाही. १९३० मध्ये वसाहतविषयक कायदा आला आणि समानतेची हवाच काढून घेतली गेली. त्याच वर्षी मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात त्याविरुद्ध ठराव मांडून गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला.

मात्र कुटुंबकायदे राहिले. गोव्यात लग्न ठरलेलं जोडपं आजही आधी नोंदणी कार्यालयात जाऊन इरादा जाहीर करतं, ठरावीक दिवस हरकतींसाठी जातात, मग पुन्हा जाऊन नोंदवहीत सही करतं. लोक याला पहिली सही आणि दुसरी सही म्हणतात. मुहूर्त, मांडव, जेवणावळी काहीही असो, कायद्याच्या दृष्टीने लग्न लागतं ते दुसऱ्या सहीला. त्यामागे २५ डिसेंबर १९१० चा तो हुकूम आहे, आणि मालमत्तेतल्या पती-पत्नीच्या समान वाट्यामागे त्याहून जुनी १८६७ ची नागरी संहिता. १९६१ नंतर भारत सरकारने हे कायदे चालू ठेवले. ‘समान नागरी कायदा’ म्हणून गोव्याचं नाव घेणाऱ्यांनी १८८० च्या संहितेतली हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाची सवलत आणि चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांसाठीचे वेगळे नियम हेही वाचावेत, इतकंच सुचवतो.

घटस्फोटाच्या बाबतीत तर उलटाच प्रकार झाला. सालाझारने १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार करून चर्चमध्ये लग्न केलेल्या पोर्तुगीजांचा घटस्फोटाचा हक्क काढून घेतला. तो त्यांना १९७५ मध्ये, दुसऱ्या एका क्रांतीनंतर परत मिळाला. हिंदूंसाठी बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई इलाख्यात तो १९४७ मध्ये आला, देशभर १९५५ मध्ये. गोव्यातल्या हिंदू बाईला कागदावर तो हक्क ३ नोव्हेंबर १९१० च्या कायद्याने, या सगळ्यांच्या आधी मिळालेला होता. तो वापरायला किती जणी कचेरीची पायरी चढल्या असतील हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि कुणी करणार असेल तर जुन्या नोंदवह्यांपासूनच सुरुवात करावी.